डायलिसिसच्या रुग्णांच्या हृदयाचीही दखल घ्यावी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सन्माननीय मंत्री महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी शासन नागपुरात येते, तेव्हा विदर्भाच्या आरोग्याचे प्रश्न सभागृहात मांडले जातात. त्यांत डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या हृदयाचा प्रश्नही आवर्जून घ्यावा, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. किडनी निकामी झाल्यावर डायलिसिस माणसाला जगवते, हे खरे. पण डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार हे आहे आणि त्यातले अनेक मृत्यू हृदयाचे ठोके अचानक बिघडून होतात.

2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही उपचार मिळू लागले. आमच्यासारख्या कुटुंबांना याचे मोल ठाऊक आहे. मात्र केंद्रांचे काम किती डायलिसिस झाले यावरच मोजले जाते. एका डायलिसिसच्या चार तासांत रुग्णाच्या हृदयावर काय ताण पडला, याची विचारपूस कुणी करत नाही.

माझी मोठी बहीण डायलिसिसवर आहे. एका उन्हाळ्यात ती केंद्रावर पोहोचली तेव्हा काट्यावर वजन 54 किलो भरले. तिचे ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, 50.5 किलो. म्हणजे साडेतीन लिटर पाणी चार तासांत काढायचे. तिसऱ्या तासाला तिला एकामागून एक जांभया येऊ लागल्या, कपाळावर गार घाम आला आणि पोटऱ्यांत वांब आले. बीपी उतरले होते. तंत्रज्ञ मुलाने धावत येऊन पायाकडची बाजू उचलली आणि सलाईन सोडले, म्हणून ती सावरली. त्या मुलाचा काही दोष नव्हता, कारण त्याच्याकडे एकाच वेळी अनेक मशीन होत्या. परंतु शरीराच्या दर किलोमागे तासाला 13 मिलिलिटरपेक्षा अधिक वेगाने पाणी काढल्यास मृत्यूचा धोका वाढलेला अभ्यासांत आढळला आहे, आणि ताईच्या बाबतीत तो वेग 17 च्या वर गेला होता. असे बीपी वारंवार पडले की हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता तुटतो आणि कालांतराने तो स्नायू कायमचा दुबळा होतो. एवढे होऊनही केंद्राच्या नोंदीत एक डायलिसिस व्यवस्थित पार पडले, इतकेच लिहिले गेले.

पाणी इतके का साठते, याचे उत्तर वेळापत्रकात आहे. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस हा सर्वमान्य क्रम असला, तरी येण्याजाण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी यांमुळे अनेक रुग्ण दोनदाच येतात. सोमवारी आणि गुरुवारी येणाऱ्याला गुरुवारनंतर थेट चौथ्या दिवशी मशीन मिळते. तेवढ्या काळात पाणी आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकणारा पोटॅशियम हा क्षार, दोन्ही चढत जातात. अमेरिकेतील रुग्णांवरील 2011 च्या एका मोठ्या अभ्यासात तर तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांमध्येही लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराने दाखल होण्याचे प्रमाण अधिक दिसले. मग आपल्याकडे गडचिरोलीच्या किंवा गोंदियाच्या खेड्यातून दोनदाच येऊ शकणाऱ्याचे काय होत असेल, याचा विचार व्हावा.

म्हणून पहिली मागणी ही की, डॉक्टरांनी तीन डायलिसिस सांगितले असतील तर तिसऱ्यासाठी प्रवासभाडे मिळावे आणि सुट्टीच्या दिवशी केंद्र बंद राहून खंड लांबू नये. ज्यांना घरून करता येईल, त्यांना पोटातून होणारे डायलिसिस खऱ्या अर्थाने उपलब्ध करून द्यावे. ते रोज होत असल्याने पाण्याचा असा चढउतार होत नाही. प्रत्येक रुग्णाचा वर्षातून किमान एकदा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ठरावीक काळाने ईसीजी केंद्रातूनच व्हावा. यातल्या अनेकांना मधुमेह असतो, आणि मधुमेहात छातीत न दुखताही हृदय बिघडलेले असू शकते. नुसता दम लागतो आणि तो पाण्यामुळे असेल असे समजून सोडून दिला जातो. इको शक्यतो डायलिसिसनंतरच्या दिवशी व्हावा, कारण अंगात पाणी साठलेले असताना हृदयाचे खरे चित्र दिसत नाही. केंद्रावर डिफिब्रिलेटर, म्हणजे बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने पूर्ववत करणारे यंत्र, चालू स्थितीत असावा, हे वेगळे सांगायला नको.

आहारतज्ज्ञाचीही तितकीच गरज आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा “पाणी कमी प्या” एवढ्या सांगण्याने तहान भागत नाही. मीठ कमी झाले तरच तहान कमी होते, हे घरच्यांना समजावून सांगावे लागते. संत्र्यांत पोटॅशियम असते म्हणून ती जपून खावीत, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु हृदयासाठी चांगले म्हणून विकल्या जाणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराईड असते आणि ते या रुग्णांचे हृदय बंद पाडू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. हा इशारा प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा.

एक अडचण आपल्या पातळीवरच सुटू शकेल. अनेक जिल्हा रुग्णालये आपल्या विभागाकडे आहेत, तर नागपुरातील मेडिकल, मेयो आणि सुपर स्पेशालिटी ही सरकारी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. किडनीचा रुग्ण एका विभागाच्या केंद्रात आणि हृदयाचे डॉक्टर दुसऱ्या विभागाच्या रुग्णालयात, अशी स्थिती असल्याने चिठ्ठी घेऊन फिरण्यातच रुग्णाचा मधला दिवस जातो. दोन्ही विभागांनी मिळून नागपुरात डायलिसिसच्या रुग्णांसाठी हृदयरोगाची एक साप्ताहिक ओपीडी ठरवून द्यावी आणि त्याचा आदेश याच अधिवेशनात काढावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
डायलिसिसवरील एका रुग्णाची धाकटी बहीण
नागपूर