बोआच्या पेटीत जिवंत उंदीर सोडू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गोठवून वितळवलेला उंदीर तुझ्या पाळलेल्या बोआने, म्हणजे विळखा घालून भक्ष्य मारणाऱ्या त्या बिनविषारी सापाने, लागोपाठ दोनदा नाकारला, म्हणून आता एखादा जिवंत उंदीर आत सोडून पाहावा असे तुझ्या मनात आहे, हे वाचून लगेच उत्तर लिहायला बसलो. तसे करू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. कारणे सविस्तर लिहितो, कारण नुसत्या नकाराने तुझे समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे.

रानात तो जिवंत भक्ष्यच खातो, मग पेटीत का नको, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे. रानातला बोआ भूक लागली असतानाच दबा धरून बसतो आणि भक्ष्य बेसावध असताना झडप घालतो. नेम चुकला तर उंदीर पळून जातो. पेटीत मात्र जेवणाची वेळ तू ठरवतोस आणि उंदराला पळायला वाट उरत नाही. बोआने त्याला मानेपाशी न पकडता मागच्या अंगाने पकडले, तर विळखा पुरता आवळण्याआधीच उंदीर वळून सापाच्या तोंडाला, डोळ्याला किंवा मानेला कडकडून चावतो. तोंडातल्या जखमेत जंतुसंसर्ग होऊन हिरड्या सडू लागतात आणि गेलेला डोळा तर परत येत नाही.

याहून मोठा धोका साप शिकार करत नाही तेव्हा असतो. कात टाकण्याआधी बोआचे डोळे दुधाळ निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही आणि बहुधा तो खातही नाही. पेटी थंड असली, जागा नवी असली किंवा तो आजारी असला तरीही तो खात नाही. अशा वेळी तो उंदरापासून स्वतःचा बचावही करत नाही, नुसता गुंडाळी करून पडून राहतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळे कुरतडणे हा त्याचा स्वभावच आहे. त्यात तो भुकेला आणि घाबरलेला असला, तर रात्रभरात सापाच्या पाठीचे मांस मणके उघडे पडेपर्यंत खाऊन टाकतो. सरीसृपांचे पशुवैद्य अशा जखमांवर उपचार करत आले आहेत. ज्या सापांचा जीव वाचतो, त्यांच्या जखमा भरायला महिने लागतात आणि व्रणाच्या जागी कात पुढे अनेकदा अडकून राहते. आपण शेजारी बसून लक्ष ठेवू, असे तू म्हणशील, पण चावा एका क्षणात बसतो आणि तोवर तुझा हात पोहोचत नाही.

उंदराचाही विचार कर. कोंडलेल्या जागेत भक्षकासमोर त्याला भीतीने थरथरत ठेवणे मला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही.

मेलेले भक्ष्य दिले तर बोआची उपजत प्रवृत्ती मरते, अशी शंका तू काढली आहेस. जीवशास्त्रज्ञ स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत फार बोलका आहे. त्यांनी मेलेल्या, पण ऊब दिलेल्या उंदरांमध्ये कृत्रिम हृदय बसवले. ते हृदय धडधडत असताना बोआंनी विळखा अधिक वेळ आणि अधिक जोराने आवळून धरला, आणि धडधड नसताना लवकर सैल सोडला. ज्या बोआंना जन्मात कधी जिवंत भक्ष्य मिळाले नव्हते, तेही धडधड ओळखत होते. म्हणजे ती प्रवृत्ती शाबूतच राहते. आणि ऊब व हालचाल मिळाली की मेलेल्या उंदरालाही बोआ पकडतो, हेही त्यातून दिसते.

तुझ्या बोआच्या नकाराचे मूळ बहुधा या उबेतच असावे. बोआच्या तोंडावर काही अजगरांसारखे उष्णता टिपणारे ठळक खळगे नसले, तरी त्याच्या खवल्यांना उष्णता जाणवते. उंदीर बंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू दे, मग पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून त्याचे अंग सुमारे 38 अंश सेल्सियसपर्यंत येऊ दे. पोटाला बोट लावून आत गारठा उरला नाही ना हे पाहा आणि अंग कोरडे करून घे. मायक्रोवेव्ह मुळीच वापरू नकोस. त्यात उंदीर कुठे शिजतो, कुठे कच्चा राहतो आणि कधी फुटतोही. संध्याकाळी दिवे मंद करून लांब चिमट्याने त्याला मानेमागे धर आणि डोके सापाकडे करून हळूहळू हलव. सापाने पकडल्यावरही क्षणभर हलकेच ओढ दे, म्हणजे विळखा पक्का बसेल, आणि मग तिथून दूर हो. नाहीच घेतला, तर त्याच्या लपण्याच्या जागेपाशी ठेवून दे आणि सकाळी टाकून दे. पुन्हा गोठवू नकोस.

उंदराची जाडी बोआच्या सर्वांत जाड भागाएवढी, किंबहुना थोडी कमीच असावी. बोआची पचनशक्ती संथ असते आणि मोठा घास तो उलटून टाकतो. तसे झाले तर निदान दोन आठवडे काहीही न देता मग पूर्वीपेक्षा लहान भक्ष्य दे. वारंवार झाले तर पशुवैद्याकडे ने, कारण विषाणूमुळे होणाऱ्या एका गंभीर आजाराचेही ते लक्षण असू शकते. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हाताळू नकोस आणि पेटीची उबदार बाजू 31 ते 33 अंशांवर ठेव. वाढत्या पिल्लाला 10 ते 14 दिवसांनी आणि पूर्ण वाढलेल्याला तीन-चार आठवड्यांनी एक जेवण पुरते. लोक हौसेने जास्त भरवतात आणि साप लठ्ठ होऊन त्याचे यकृत बिघडते, याचे मला फार वाईट वाटते.

तुझ्या स्वतःच्या काळजीचेही लिहितो. हाताला उंदराचा वास असताना पेटीत हात घालू नकोस; बोआ वासावर झेपावतो. गोठवल्याने साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू मरत नाहीत, म्हणून भांडी वेगळी ठेव आणि साबणाने हात धू. साप दोन मीटरांवर गेला की भरवताना जवळ दुसरे मोठे माणूस असू दे.

दोनदा नाकारल्याने निरोगी, वाढलेल्या बोआचे काही बिघडत नाही; तो अनेक आठवडे उपाशी राहू शकतो. वजन मात्र मोजत राहा, आणि ते झपाट्याने घटले तर पशुवैद्याला दाखव. पुढच्या पत्रात त्याचे वजन, शेवटची कात कधी टाकली, आणि पेटीच्या दोन्ही बाजूंचे तापमान कळव, म्हणजे अडचण नेमकी कुठे आहे ते पाहता येईल.

तुझा मित्र