कॉलम बारा इंचीच राहू द्या

आई, आप्पा,
सा. न.

काल मिस्त्रींचा फोन आला होता, म्हणाले ताई नव्या घराचे कॉलम नऊ इंची केले तर भिंतीत लपतात, खोलीत कोपरे बाहेर येत नाहीत, आणि आप्पांनाही तेच बरं वाटतंय. आप्पा, देवघराच्या कोपऱ्यात कॉलम आलेला तुम्हाला नाही आवडणार, माहितीय मला. तरी ऐका माझं, कॉलम बारा इंचीच राहू द्या.

भिंत नऊ इंची म्हणून कॉलमही नऊ इंची, असं सगळेच करत आले. पण 2016 ला आयएस 13920, म्हणजे भूकंपात टिकेल अशा काँक्रीट बांधकामाचं सरकारी मानक, बदललं आणि भूकंपाच्या झोन 3 पासून वरच्या भागात कॉलमची कमीत कमी बाजू 300 मिलिमीटर, म्हणजे बारा इंच झाली, आधी साध्या घराला 200 चालायची. आणि आपण 3 मध्येच येतो. 1993 ला आपला भाग झोन 1 मध्ये होता, सगळ्यात कमी धोक्याचा म्हणून, आणि 30 सप्टेंबरच्या पहाटेच्या भूकंपात काय झालं ते मी तुम्हाला काय सांगू, तुम्ही स्वतःच्या हातांनी ढिगारे उपसलेत. 2002 ला झोन 1 काढूनच टाकला आणि किल्लारीचा परिसर 3 मध्ये घेतला.

तुम्ही म्हणता वाड्याच्या भिंती दोन-दोन फुटी होत्या तरी पडल्या, मग तीन इंचानं काय होतंय. अहो पण त्या भिंतीत आतला दगड वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे नुसती माती, दोन्हीला धरून ठेवणारा आरपार दगडच नाही, आणि वर माळवदावर दर पावसाळ्याआधी माती चढत गेलेली. जाडी होती, बांधून ठेवणारं काही नव्हतं. म्हणून माझा जीव कॉलमपेक्षा रिंगांमध्ये, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या आडव्या कड्यांमध्ये, जास्त अडकलाय.

आई, तू चहा घेऊन साइटवर जातेसच, तर एवढं बघ. रिंगचं टोक नुसतं काटकोनात वळवलेलं चालणार नाही, जोराचा हादरा बसला की बाहेरचं काँक्रीट सुटतं आणि अशी रिंग उघडते. टोक 135 अंशात, म्हणजे तिरकं वळून कॉलमच्या पोटात गेलेलं पाहिजे, आणि वळल्यावर पुढं तीन इंच तरी. बीमच्या खाली आणि वर दोनेक फुटांत रिंगा तीन-तीन इंचांवर लागतात, मधे थोड्या लांब चालतील. आणि सळईचा जोड स्लॅबला लागून नको, कॉलमच्या मधल्या भागात घ्यायला सांग. आपले मिस्त्री चांगले आहेत, काम मन लावून करतात, फक्त हे सगळं त्यांच्या सवयीचं नाही, तर रागावू नका, ड्रॉइंग समोर धरून सांगा.

खर्चाचं टेन्शन घेऊ नका, वाढीव सिमेंट-सळईचं मी आणि दादा बघतो. देवघराचंही इंजिनिअरशी बोलले, ते पूर्वेच्या भिंतीला सरकवता येतं, कॉलम आड येणार नाही.

मी शनिवारी येतेय. तोपर्यंत काँक्रीट ओतू देऊ नका, आणि सेंट्रिंग लावायच्या आधी प्रत्येक कॉलमचा जवळून फोटो टाका, रिंगांची टोकं दिसली पाहिजेत. आप्पा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
माई