सागरेश्वरच्या माथ्यावर एक फलक हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी नातवंडांना घेऊन सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात गेलो होतो. हरणे दिसली, मुले खूश झाली. पण पत्र लिहायला बसलो ते डोंगरमाथ्यावरच्या एका प्रसंगामुळे. सात-आठ वर्षांच्या एका मुलाने खाली पसरलेल्या उसाकडे बोट दाखवून ‘‘बाबा, एवढं गवत कुणी लावलं?’’ असे विचारले आणि मोबाइलवर फोटो काढण्यात गुंतलेल्या वडिलांनी ‘‘ते आपोआप येतं,’’ असे सांगून टाकले. ऊस वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने गवतच, तेव्हा मुलगा अर्धा तरी बरोबर होता. वडील मात्र पुरते चुकले.

त्या माथ्यावरून जे दिसते, त्यातले जवळजवळ काहीच आपोआप आलेले नाही. कृष्णेच्या बाजूला पाहिले, तर तुरे आलेले फड वरून पांढुरके दिसत होते, तोड झालेल्या रानांचे तपकिरी चौकोन त्यांच्यात उठून दिसत होते आणि मध्येच कुठेतरी पाचट पेटवल्याचा धूर चढत होता (पाचट कुजवायचे सोडून जाळण्याची आपली खोड काही जात नाही). डोंगरापलीकडचा कडेगाव-खानापूरकडचा मुलूख एके काळी पावसाच्या भरवशावर ज्वारी-बाजरी घेणारा. तिकडे आज ऊस उभा राहतो, याचे मोठे श्रेय कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून नेणाऱ्या ताकारी उपसा सिंचन योजनेला आहे. आणि ज्या झाडीत उभे राहून आपण हे सारे पाहतो, ती तरी कुठे आपोआप उगवली? या उघड्याबोडक्या डोंगरावर जंगल उभे करण्याचा ध्यास वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी घेतला, झाडे लावली गेली, बरेचसे प्राणी बाहेरून आणून सोडले गेले आणि १९८५ मध्ये जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचे हे माणसाने घडवलेले जंगल अभयारण्य झाले.

म्हणून सूचना एवढीच, की माथ्यावर एक दृश्यफलक बसवावा. समोरच्या क्षितिजाची रेघ त्यावर काढून नदी कोणती, गाव कोणते, कालवा कुठून कुठे जातो आणि यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे कोणत्या दिशेला आहे, हे साध्या मराठीत लिहावे. तो मुलांच्या उंचीला असावा आणि दोन उन्हाळ्यांत अक्षरे उडून जाणार नाहीत, अशा दगडात किंवा धातूत कोरलेला असावा. हरणे, सांबरे पिकात उतरतात म्हणून लगतच्या शेतकऱ्यांना रात्रीची राखण करावी लागते, हेही त्यावर एका ओळीत यावे. कारण फोटोत हिरवे शेत येते, राखण येत नाही.

खर्च फार नाही. परिसरातील ग्रामपंचायती आणि साखर कारखान्यांनी मनावर घेतले, तर तो सहज उभा राहील. मजकूर लिहून देण्यास माझ्यासारखे भूगोलाचे निवृत्त शिक्षक या भागात पुष्कळ आहेत. मानधनाची अपेक्षा नाही; फलकावर पुढाऱ्यांचे फोटो मात्र नसावेत.

– एक निवृत्त शिक्षक, तासगाव