लेव्हलिंगच्या फील्ड बुकातून व्हेक्टर कॅल्क्युलस शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, नाहीतर काकूंना चहा टाकायला सांगता. म्हणून हे लिहून काढलं, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली आणि एम-थ्रीचं (इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरचं) पुस्तक उघडून घाबरलेली मुलं दर वर्षी असतात. तुम्ही मला काय दिलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं असं मनापासून वाटतं.

आमची अडचण बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. बारावी करून आलेल्या मुलांचं पहिल्या वर्षात एम-वन, एम-टू होतं. पार्शल डेरिव्हेटिव्ह, डबल इंटिग्रल, सगळं हाताखालून गेलेलं असतं. आम्ही थेट दुसऱ्या वर्षाच्या बाकावर येऊन बसतो आणि फळ्यावर एकदम ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल सुरू होतं. शिकवणाऱ्यांना पोर्शन संपवायचा असतो, त्यांचाही नाइलाज असतो. क्लासमध्ये उत्तर मिळतं ते एवढंच: हे पाच प्रकारचे प्रश्न येतात, पाठ करून टाका. ऑक्टोबरात मी तुमच्याकडे वही घेऊन आले तेव्हा 'हे डिप्लोमावाल्यांचं काम नाही' हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

तुम्ही वही बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "डिप्लोमाला सर्व्हेइंग होतं ना? लेव्हलिंगचं अरिथमेटिक चेक काय लिहायचीस?"

लेव्हलिंग म्हणजे दुर्बिणीने जमिनीच्या उंचीतला फरक मोजत जाणं, आणि हे चेक तर मला झोपेतही सांगता आलं असतं. बॅकसाइटची (मागच्या पट्टीवर वाचलेल्या आकड्यांची) बेरीज वजा फोरसाइटची (पुढच्या पट्टीवरच्या आकड्यांची) बेरीज म्हणजे सगळ्या चढांची बेरीज वजा सगळ्या उतारांची बेरीज, म्हणजेच शेवटची आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, त्या जागेची उंची) वजा पहिली आरएल. तुम्ही म्हणालात, हाच तुझा लाइन इंटिग्रलचा पहिला नियम. जमिनीची उंची हे फंक्शन, तिचा ग्रेडियंट म्हणजे प्रत्येक जागी सगळ्यात खडा चढ कुठल्या दिशेला आहे आणि किती आहे ते. तू दुर्बीण घेऊन ज्या वाटेने जातेस ती कर्व्ह. प्रत्येक टप्प्यावर त्या वाटेच्या दिशेने जेवढा चढ-उतार मिळाला तेवढाच धरत जायचा आणि बेरीज करायची. वाट शेतातून असो की डांबरी रस्त्याने, उत्तर दोन टोकांच्या उंचीवरच ठरणार. आणि बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) निघून फिरून पुन्हा त्याच बेंचमार्कवर आलीस तर बेरीज शून्य. शून्य आली नाही तर तो क्लोजिंग एरर, मोजणीतला. जमिनीला दोन उंच्या नसतात.

पुस्तकात हे 'कन्झर्व्हेटिव्ह फील्ड' या मथळ्याखाली तीन ओळींत उरकलेलं आहे. मी ते डिप्लोमाच्या प्रत्येक फील्ड बुकात स्वतःच्या हाताने भरलं होतं. त्या संध्याकाळी मला जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. माझ्याकडे जे आधीपासून होतं त्याला तुम्ही किंमत दिलीत, एवढं म्हणते. लगेच उलट उदाहरणही दिलंत. त्याच दोन गावांमध्ये ट्रॅक्टर चालवला तर चढ तेवढाच, पण डिझेल रस्त्याप्रमाणे बदलतं, कारण चाकाचं घर्षण प्रत्येक पावलाला वाटेच्या विरुद्ध असतं. तिथे वाट सांगितल्याशिवाय इंटिग्रल काढताच येत नाही. परीक्षेत गणित हाती आलं की आधी कर्ल (फील्ड त्या जागी किती फिरवतं ते) तपासायचा, शून्य असेल तर पोटेन्शियल (ज्याचा ग्रेडियंट म्हणजे ते फील्ड, असं फंक्शन) शोधायचं, नसेल तर मुकाट्याने वाटेसाठी पॅरामीटर घ्यायचा, हा क्रम माझ्याकडून कोणाला पाठ करून घ्यावा लागला नाही.

पण खरी गोष्ट कालव्यावर घडली आणि तिच्यासाठी हे पत्र आहे.

नीरा डावा कालवा आपल्या बारामतीतून जातो. लहानपणापासून त्याच्या कडेने शाळेत गेले, पण त्याच्याकडे मोजायच्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. तुमची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. आवर्तन सुटलं की कुठल्या वितरिकेला किती पाणी गेलं याचा हिशेब तुम्ही वर्षानुवर्षं ठेवलात. सरफेस इंटिग्रल सुरू करायच्या दिवशी तुम्ही मला गावाबाहेरच्या पुलावर बोलावलंत. बरोबर खुणा केलेली दोरी, तिच्या टोकाला वजन, लाकडाचे ठोकळे आणि एक घड्याळ.

तुम्ही सांगितलंत की खात्यात हे करंट मीटरने करतात. पात्राचे उभे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात वरून 0.6 खोलीला वेग घ्यायचा, पाणी खोल असेल तर 0.2 आणि 0.8 खोलीला घेऊन सरासरी काढायची. आपल्याकडे मीटर नाही, तेव्हा ठोकळा सोडायचा आणि पृष्ठभागावरच्या वेगाला साधारण 0.85 ने गुणायचं. एका पट्ट्याचं गणित मी अजून जपून ठेवलंय. रुंदी 1 मीटर, खोली 1.5 मीटर, ठोकळ्याचा वेग सेकंदाला 0.7 मीटर, म्हणजे सरासरी सुमारे 0.6. गुणाकार 0.9 घनमीटर दर सेकंदाला, म्हणजे जवळपास 32 क्युसेक. असे पट्टे या काठापासून त्या काठापर्यंत मोजायचे आणि बेरजेला लागायचं. पट्टे बारीक करत गेलं की तीच बेरीज सरफेस इंटिग्रल होते. पेपरात धरणाच्या विसर्गाचे आकडे येतात, ते असेच कुठल्यातरी आडव्या छेदावरून गेलेल्या पाण्याचे असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

मग तुम्ही मला पुढच्या पुलावर नेलंत, जो कालव्याला तिरका बांधलेला आहे. पुलाच्या कठड्याला धरून मोजलं तर पात्र रुंद भरलं. मी विचारलं, मग इथे विसर्ग जास्त येईल का? तुम्ही उत्तर दिलं नाहीत, वहीत आकृती काढायला लावलीत. पूल 30 अंशांनी तिरका धरला तर रुंदी 1.155 पट होते. पण पाणी त्या छेदाला काटकोनात ओलांडत नाही. छेदावरचा नॉर्मल (छेदाला काटकोनातली दिशा) आणि प्रवाह यांच्यात 30 अंशांचा कोन आहे, म्हणून वेगाचा जो भाग खरंच पलीकडे जातो तो 0.866 पट. दोन्हींचा गुणाकार 1. पाणी तेवढंच! काका, एफ डॉट एन (एफ म्हणजे प्रवाह, एन म्हणजे नॉर्मल) मधला तो डॉट मी वर्गात कितीतरी वेळा लिहिला होता. तो तिथे कशासाठी बसलाय हे मला कठड्यावर वही टेकवून समजलं. आणि युनिट नॉर्मल कुठल्या बाजूला घ्यायचा हा पोरांना छळणारा प्रश्नही तिथेच सुटला. वरून खाली गेलेलं पाणी अधिक धरायचं की वजा, हे आपणच आधी ठरवायचं आणि शेवटपर्यंत पाळायचं.

कर्लही तिथेच शिकवलात. माझी समजूत होती की भोवरा असल्याशिवाय कर्ल नसतो, आणि कालवा तर सरळ वाहतो. तुम्ही दोन काड्या आडव्या-उभ्या बांधून फुली केलीत आणि ती आधी मध्यावर सोडलीत. ती जवळपास न फिरता गेली. मग डाव्या काठाजवळ सोडलीत, ती घड्याळाच्या उलट फिरत गेली. उजव्या काठाजवळची घड्याळाप्रमाणे. पाणी दोन्हीकडे सरळच चाललं होतं, फक्त काठाजवळ हळू आणि मध्ये जोरात. मग तुम्ही पाण्यावर मनातल्या मनात एक चौकोन आखायला सांगितलात: 10 मीटर लांब, 4 मीटर रुंद, एक बाजू मध्यावर जिथे वेग 0.7, दुसरी काठाकडे जिथे 0.3. चौकोनाभोवती एक फेरी मारली तर आडव्या बाजूंना काहीच मिळत नाही, लांब बाजूंना 7 वजा 3, म्हणजे 4. आणि आतून पाहिलं तर वेग 4 मीटरमध्ये 0.4 ने बदलतो, म्हणजे कर्ल सरासरी 0.1, गुणिले क्षेत्रफळ 40, पुन्हा 4. कडेने फिरून केलेली बेरीज आणि आतल्या कर्लची बेरीज एकच, हे स्टोक्सचं प्रमेय मी त्याआधी तीन वेळा लिहून काढलं असेल. कळलं ते पुलावर.

गाऊसच्या प्रमेयाला फार वेळ लागला नाही. दोन पुलांमधल्या पाण्याचा तुकडा डोळ्यासमोर धरायचा. पाणी दाबलं जात नाही, म्हणून डायव्हर्जन्स (एखाद्या जागेतून निव्वळ बाहेर पडणारं पाणी) शून्य, आणि पातळी स्थिर असेल तर सगळ्या बाजूंनी मिळून आत जितकं तितकंच बाहेर. वरच्या पुलाखाली मोजलेलं आणि खालच्या पुलाखाली मोजलेलं यांत फरक आला, मध्ये एकही दार उघडं नसलं, तर उरलेलं पाणी तळातून आणि बाजूंतून झिरपलं, थोडं वाफ होऊन गेलं. कालव्याची गळती अशीच मोजतात. बंद पृष्ठभाग म्हणजे सगळ्या बाजू धरायच्या, तळही सोडायचा नाही, हे आम्हा मुलांच्या उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त सुटतं. तुमच्या खात्याच्या हिशेबात ते सुटलं असतं तर शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचलं नसतं.

प्लॅनिमीटरचंही सांगायलाच हवं. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला ते उपकरण नकाशाच्या कडेने फिरवलं होतं, सूत्रात आकडे टाकून क्षेत्रफळ काढलं होतं आणि जर्नलवर सही घेतली होती. कडेवरून फिरलेल्या चाकाला आतलं क्षेत्रफळ कसं कळतं, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, कोणी विचारू दिलाही नाही. तुम्ही दाखवलंत की ते चाक उपकरणाच्या दांडीला आडव्या दिशेची हालचाल तेवढी मोजतं, म्हणजे एक लाइन इंटिग्रलच करत असतं, आणि ग्रीनचं प्रमेय त्याला क्षेत्रफळाशी जोडून देतं. आम्सलरने ते 1854 साली काढलं. धरणाच्या जलाशयाची क्षमता काढताना समोच्च रेषांच्या आतली क्षेत्रफळं तुम्ही याच उपकरणाने काढायचात. प्लॅनिमीटर घड्याळाच्या दिशेने फिरवतात आणि पुस्तकातलं ग्रीन उलट दिशेने, तेवढं चिन्ह सांभाळ, असं तुम्ही बजावलंत. परीक्षेत मला तेच उपयोगी पडलं.

त्याच दिवशी तुम्ही जॉर्ज ग्रीनची हकीकत सांगितलीत. नॉटिंगहॅमच्या बेकरीवाल्याचा मुलगा, शाळा जेमतेम वर्षभर, पुढे वडिलांची पवनचक्की चालवली आणि 1828 मध्ये वर्गणीदार जमवून आपला निबंध छापला. चाळिशीला आल्यावर केंब्रिजला शिकायला गेला, 1841 मध्ये वारलाही. त्याचं मोल जगाला कळलं ते नंतर, थॉमसनला (पुढचे लॉर्ड केल्विन) तो निबंध मिळाल्यावर. आणि स्टोक्सचं प्रमेय तर 1854 मध्ये केंब्रिजच्या एका परीक्षेतला प्रश्न म्हणून छापलं गेलं, ती परीक्षा देणाऱ्यांत पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झालेला मॅक्सवेल होता. डायरेक्ट सेकंड इयरच्या मुलीला हे कोण कशाला सांगेल? तुम्ही सांगितलंत, कारण मी कुठल्या रांगेत उभी आहे ते मला कळावं असं तुम्हाला वाटत होतं.

काका, गुडघे दुखत असताना तुम्ही पुलावर आलात. एकदाही 'एवढं येत नाही का' म्हणाला नाहीत. माझं उत्तर पुस्तकाशी जुळलं तरी आधी एकक विचारलंत, मग दिशा विचारलीत, मग 'बरोबर' म्हणालात. फी विचारली तेव्हा रागावलात, म्हणून तो विषय इथे काढत नाही. काकूंचेही आभार. संध्याकाळचं जेवण माझ्यामुळे कितीदा उशिरा झालं असेल.

आता एक विनंती. यंदा डिप्लोमा करून आलेल्या दोघी माझ्याकडे आल्या आहेत, अवस्था माझ्यासारखीच. लाइन इंटिग्रलपर्यंत मी त्यांना घेऊन जाईन, लेव्हलिंगपासूनच सुरुवात केली आहे. तिरक्या पुलाचं मात्र त्यांना तुमच्याकडूनच ऐकायचं आहे. आवर्तन सुटलं की रविवारी सकाळी याल का? पुलापर्यंत गाडी नेता येते, घडीची खुर्ची मी घेते. दोरी, ठोकळे आणि वही त्या आणतील.

तुमची,
वरच्या मजल्यावरची डिप्लोमावाली