पायाच्या बायपासची पुढची तपासणी जिल्ह्यातच व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तंबाखू आणि मधुमेहामुळे पायाची धमनी बंद पडलेले सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील रुग्ण मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळीला जाऊन बायपास करून घेतात आणि जखम भरून चालता येऊ लागले की सुटलो असे समजतात. प्रत्यक्षात बंद धमनीला वळसा घालणारा नवा रक्तमार्ग, म्हणजे ग्राफ्ट, रुग्णाचीच शीर काढून बसवला असेल, तर तो आतून अरुंद होण्याचा धोका पहिल्या एक-दोन वर्षांतच अधिक असतो आणि पुष्कळदा पाय दुखण्याआधीच ही क्रिया सुरू झालेली असते.

सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, ग्राफ्टचा संपूर्ण मार्ग दिसतो खरा. पण त्यासाठी आयोडीनयुक्त औषध शिरेतून द्यावे लागते, जे मूत्रपिंड अधू झालेल्या मधुमेही रुग्णाला वारंवार देणे जोखमीचे असते. डुप्लेक्स डॉपलर मात्र सोनोग्राफीच आहे. ग्राफ्ट धमनीला जोडला आहे त्या वरच्या जोडापासून खालच्या जोडापर्यंत यंत्राचा प्रोब त्वचेवरून फिरवून रक्ताचा वेग मोजतात. एखाद्या जागी तो सेकंदाला 300 सेंटिमीटरच्या वर गेला किंवा लगतच्या निरोगी भागाच्या साडेतीन पटींहून अधिक भरला, तर तेथे गंभीर अडथळा आहे असे धरतात. तो वेळेत कळला तर अरुंद जागी फुगा फुगवून किंवा लहान शस्त्रक्रियेने ग्राफ्ट वाचवता येतो. आत रक्त गोठल्यावर तेच काम फार अवघड होते.

ब्रिटनमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नियमित डॉपलरमुळे पाय वाचण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. मात्र तेथे डॉपलर न केलेल्या गटाचीही ठरावीक काळाने प्रत्यक्ष तपासणी होत होती. आपल्याकडे घोडे तेथेच अडते. शस्त्रक्रिया झालेल्या दूरच्या रुग्णालयात अर्ध्या दिवसाच्या तपासणीसाठी दोन दिवसांची मजुरी आणि सोबत्याचे भाडे कोण सोसणार?

सोनोग्राफी यंत्रे आता तालुक्यांतही आहेत. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे ती गावोगाव फिरवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून जिल्हा रुग्णालयातच महिन्यातील एक दिवस या रुग्णांसाठी राखावा, त्या दिवशी घोट्याचा रक्तदाबही मोजावा आणि ‘प्रवाह आहे’ एवढ्यावर न भागवता अहवालात प्रत्येक टप्प्यावरील वेग लिहावा. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांनीही ग्राफ्ट कोठून कोठे नेला आहे आणि तो शिरेचा आहे की कृत्रिम, याची साधी आकृती डिस्चार्ज कार्डावर काढून द्यावी. ती नसली तर येथील डॉक्टरांचा बराच वेळ ग्राफ्ट शोधण्यातच जातो.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, कणकवली