गस्तीवरील वनरक्षकांचे थंडीने गारठणारे हातपाय

महोदय,

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पारा दहा अंशांखाली उतरला की चौकाचौकांत शेकोट्या पेटतात; पण त्याच पहाटे पेंच, उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबाच्या जंगलात दवाने भिजलेल्या गवतातून पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकांचा आणि हंगामी वनमजुरांचा विचार फारसा कोणी करत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, तरी चोरट्या शिकाऱ्यांचे तारेचे फासे शोधण्याचे काम थंडीतही सुरूच असते, आणि बोटे बधिर झाली की खुंट्याला पिळलेली बारीक तार सुटत नाही.

थंडीत शरीर छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते. त्यामुळे अंगावर पुरेसे कपडे नसतील तर जाड मोज्यांचाही उपयोग थोडाच. सुती मोजे दव आणि घाम शोषून ओलेच राहतात, लोकरीचे मात्र ओलसर झाले तरी बरीच ऊब धरतात. एकावर एक मोजे चढवून घट्ट बुटात पाय कोंबणे तर उलटेच ठरते, कारण दाबाने रक्त अडते. बधिर बोटे शेकोटीवर धरू नयेत, चटका न जाणवताच कातडी भाजते. ती काखेत दाबून धरावीत.

वन विभागाने हिवाळ्यापूर्वी थोडे सैल, पाणी न शिरणारे बूट, लोकरी मोज्यांचे दोन जोड आणि हातमोजे हंगामी मजुरांनाही द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर