परदेशातील ‘फिल्म स्टडीज’ची पदवी नीट समजून घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर सोलापुरात परदेशी शिक्षणाचे मेळावे भरू लागतात आणि अलीकडे त्यांत ‘फिल्म स्टडीज’ या पदवीचेही नाव ऐकू येते. तीन वर्षांनी आपण दिग्दर्शक किंवा छायालेखक होऊन परतू, असे मुलांना वाटते. तर मुलगा किंवा मुलगी ‘फिल्म लाईन’ला लागली म्हणजे हातची गेली, अशी धास्ती पालक घेतात. दोन्ही समजुती निराधार आहेत. ज्या निर्णयासाठी घर गहाण ठेवण्याची वेळ येऊ शकते, तो असल्या समजुतींवर घेतला जाऊ नये, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

ब्रिटनमधील वॉरिक, सेंट अँड्र्यूज किंवा लंडनचे किंग्ज कॉलेज येथे चित्रपट हा विषय साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्या पंक्तीत बसवून, मानव्यविद्या म्हणून शिकवला जातो. विद्यार्थ्याने नेमलेला चित्रपट सबंध पाहायचा, त्यासोबतचे वाचन करायचे, चर्चावर्गात आपले मत मांडायचे आणि शेवटी निबंध लिहायचा, असा हा क्रम असतो. काही ठिकाणी प्रत्यक्ष चित्रीकरणाचा ऐच्छिक विषय मिळतो. परंतु पदवीचा कणा पाहणे, वाचणे आणि लिहिणे हाच आहे. ज्याला कॅमेरा, संकलन किंवा ध्वनिमुद्रण शिकायचे आहे, त्याने ‘प्रभात’ स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेली पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट किंवा कोलकात्याची सत्यजित राय चित्रपट संस्था पाहावी. तो मार्ग निराळा आहे आणि तितकाच मानाचा आहे.

या वाचनात शिकण्यासारखे असते तरी काय, असे मला पालक विचारतात. उदाहरण आपल्याच गावाचे देते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक होते आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि नायकाची भूमिका स्वतः केली. आपण तो अभिमानाने पाहतो आणि तेथेच थांबतो. चर्चावर्गात मात्र त्यापुढेच प्रश्न सुरू होतात. डॉक्टरांच्या चिनी पत्नीच्या भूमिकेत अभिनेत्री जयश्रीबाई आहेत आणि त्या हिंदीत बोलतात. प्रेक्षकाने ते मानून घ्यावे म्हणून वेशभूषा, बोलण्याची लकब, संगीत आणि चेहऱ्याची जवळून घेतलेली दृश्ये यांचा कसा उपयोग केला आहे? स्वातंत्र्य अवघ्या वर्षावर आलेले असताना परक्या देशातील रुग्णसेवेची कथा भारतीय प्रेक्षकाला स्वतःच्या देशाविषयी काय सांगत होती? याच चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही निघाली, ती कोणत्या प्रेक्षकासाठी? यांचे उत्तर देताना ‘आवडले’ किंवा ‘भारावून गेलो’ असे म्हणून सुटका होत नाही. कोणत्या दृश्यात कॅमेरा कोठे होता, कट कोठे पडला, आवाज केव्हा थांबला, हे दाखवून द्यावे लागते; शिवाय त्या काळची वृत्तपत्रे, जाहिराती आणि सेन्सॉरचे कागद मिळतील तितके चाळावे लागतात. मी अनेक वर्षे शाळेत कवितेचे रसग्रहण शिकवले आहे. ही शिस्त त्याच जातीची आहे, आणि माझ्या मते रसग्रहणाइतकीच कठीण.

नोकरीची हमी ही पदवी देत नाही, हे मुलांना आधीच सांगितले पाहिजे. अध्यापन, संशोधन, चित्रपट संग्रहालये, महोत्सवांचे संयोजन, प्रकाशन, पत्रकारिता अशा वाटा आहेत. त्या इतिहास किंवा साहित्याच्या पदवीधरालाही असतात आणि तितक्याच चिंचोळ्या असतात. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्याची फी बहुधा स्थानिकाच्या दुपटीहून अधिक असते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण त्यासाठी आधी जर्मन भाषा चांगली यावी लागते. म्हणून मला असे वाटते की मुलांनी पदवी येथेच साहित्य किंवा इतिहास घेऊन करावी, पुण्यातील चित्रपट रसास्वाद शिबिराला जाऊन आपली आवड पारखून घ्यावी आणि मग ब्रिटनमधील एक वर्षाच्या एम.ए.चा विचार करावा. जादवपूर विद्यापीठातही हा विषय १९९३ पासून शिकवला जातो, याचा उल्लेख या मेळाव्यांत कोणी करत नाही.

शिष्यवृत्तीचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले. नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे. त्यांच्याच परिसरातील एखाद्या मुलीला मराठी चित्रपटातील जातवास्तवावर परदेशात संशोधन करायचे असेल, तर तिचा विषयच या अटीत अडकतो. हा अन्याय आहे आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी ही अट रद्द करण्याची मागणी लावून धरावी.

आपल्या विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनीही चित्रपट अभ्यासाचा निदान एक ऐच्छिक विषय सुरू करावा. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात चार भाषांतील चित्रपट घरचे म्हणून पाहणारे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात; त्यांना एकमेकांचे चित्रपट समजावून सांगण्याची संधी मिळावी. आपल्या शैक्षणिक पुरवणीत अशा एखाद्या पदवीची तीन वर्षांची विषयसूची मराठीत छापावी, ही आपणास विनंती. तोवर पालकांनी एजंटाला पैसे देण्याआधी ती त्याच्याकडून मागून घ्यावी, आणि तो टाळाटाळ करू लागल्यास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः मुलांसोबत बसून वाचावी.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सोलापूर